लिनक्स आणि लॅपटॉपचें टचपॅड

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण पाठिंबा थांबविला, आणि ज्या यंत्रांना विंडोज ११ च्या अटी पुऱ्या करतां येत नव्हत्या अशा असंख्य लॅपटॉपांचें पुढें काय करावें, हा प्रश्न घरोघरीं उभा राहिला. यंत्र तर धडधाकट. पडदा स्वच्छ, कळफलक शाबूत. केवळ प्रणालीचें आयुष्य संपलें म्हणून तें भंगारांत घालावें काय? पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांनीं या प्रश्नाचें उत्तर लिनक्स या विनामूल्य प्रणालींत शोधलें. सुटीस आलेली एखादी कॉलेजांतील भाची पेनड्राइव्हवरून लिनक्स चढवून देते आणि आपल्या गांवीं निघून जाते. त्यानंतर घरांतील वडील मंडळी यंत्रापाशीं बसतात, आणि मग तक्रारी सुरू होतात. कोणाची टिचकी टचपॅडवर लागतच नाहीं. कोणाला उजवी क्लिक सांपडत नाहीं. कोणी पत्र लिहीत असतां बाण अकस्मात् दोन ओळी वर उडी घेतो, आणि अर्धा शब्द भलत्याच वाक्याच्या पोटांत जाऊन पडतो. चार दिवस असें झालें म्हणजे ‘लिनक्स आपल्या कामाचें नाहीं’ असा निकाल लागतो, आणि आणखी दहा वर्षें चाललें असतें असें यंत्र कपाटाच्या माथ्यावर जाऊन बसतें.

हा निकाल बहुतेक वेळां अन्यायाचा असतो. वरील तक्रारींपैकीं एकीलाहि टचपॅड बिघडल्याचें कारण सहसा नसतें. बोट आणि बाण यांच्या दरम्यान तीन अधिकारी बसलेले असतात: तळाशीं प्रणालीचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, त्याच्या वर ड्रायव्हर, म्हणजे टचपॅडचा सारथी, आणि सर्वांत वर डेस्कटॉप, म्हणजे डोळ्यांना दिसणारी सजावट आणि तिच्यांतील सेटिंग्जची खिडकी. तक्रार एका टेबलावरची आणि अर्ज दुसऱ्याच टेबलावर, अशी स्थिति असली म्हणजे कितीहि बटणें दाबलीं तरी काम होत नाहीं. म्हणून प्रथम टचपॅड कोणाच्या हातीं आहे हें पाहावें, आणि तेंहि तळापासून वर जात जात पाहावें.

त्याआधीं वस्तूची थोडी ओळख हवी. टचपॅडच्या गुळगुळीत पृष्ठभागाखालीं सूक्ष्म वाहक पट्ट्यांची आडवी-उभी जाळी असते. या पट्ट्यांमध्यें विद्युत्प्रभार धरून ठेवण्याची जी शक्ति असते तिला धारकता म्हणतात. मनुष्याचें शरीर विजेचें वाहक असल्यामुळें बोट जवळ येतांच त्या ठिकाणची धारकता किंचित् बदलते. खालची चकती हा बदल सेकंदांतून अनेक वेळां मोजते, आणि बोट कोठें आहे, बोटें किती आहेत, स्पर्श केवढा आहे याचा हिशेब पुढें पाठविते. लाकडी पेन्सिलीच्या मागच्या टोंकानें किंवा साधा हातमोजा घालून टचपॅड चालत नाहीं तें यामुळेंच. भांडीं घांसून आलेला ओला हातहि या हिशेबांत घोटाळा करतो.

याच कारणानें एक अगदीं घरगुती दोष कित्येकदां लिनक्सच्या माथीं मारला जातो. लॅपटॉप चार्जरला लावला असतां बाण थरथरतो, आणि चार्जर काढतांच शांत होतो. असें घडत असेल तर प्रणालीला हात लावण्यापूर्वीं भिंतीवरील सॉकेटकडे पाहावें. तीन पायांचा प्लग दोन छिद्रांच्या जोडणींत अडकविला असेल, किंवा घरांतील अर्थिंगच निकामी असेल, तर चार्जरमधील विद्युत्-गोंगाट यंत्राच्या अंगांत येतो आणि धारकतेचें नाजूक मोजमाप बिघडवितो. त्याला औषध वायरमनपाशीं आहे.

टचपॅडचा इतिहासहि या गोंधळाला थोडासा जबाबदार आहे. ॲपल कंपनीनें मे १९९४ मध्यें पॉवरबुक ५०० या मालिकेंत बोटानें चालणारा असा फलक बसविला, तेव्हांपासून लॅपटॉपवरील जुनी फिरती गोळी मागें पडत गेली. पुढें ज्या कंपनीचें नांव या धंद्यांत सर्वतोमुखीं झालें ती सिनॅप्टिक्स १९८६ सालीं फेडेरिको फॅजिन आणि कार्व्हर मीड यांनीं स्थापिली होती. हे फॅजिन म्हणजे १९७१ च्या इंटेल ४००४ या मायक्रोप्रोसेसरच्या निर्मात्यांपैकीं एक. गंमत अशी कीं, कंपनीचा आरंभ मेंदूंतील मज्जातंतूंच्या जाळ्याची नक्कल करणाऱ्या चकत्यांच्या संशोधनांतून झाला. तिला नांव आणि पैसा मिळवून दिला तो मात्र बोटाखालच्या या चौकोनानें.

परंतु संगणकांच्या जगांत माऊस आधींपासूनच स्थिरावलेला होता. आयबीएमनें १९८७ सालीं आणलेल्या पीएस-टू यंत्रांबरोबर माऊसनें बोलण्याची एक ठराविक भाषा रूढ झाली होती. नवें टचपॅड कोणत्याहि यंत्राला चालावें म्हणून त्याला ही भाषा शिकविण्यांत आली. म्हणजे कोणी विशेष ओळख दाखविली नाहीं तर टचपॅड ‘मी साधा माऊस’ असें सांगून मोकळें होई. अनेक टचपॅड आजहि असेंच करितात. गाभ्यानें हें सोंग खरें मानलें कीं बाण तर हलतो, परंतु दोन बोटांनीं पान सरकत नाहीं, टिचकीवर ताबा राहत नाहीं, आणि सेटिंग्जच्या खिडकींत टचपॅडचा विभागच दिसेनासा होतो. माऊसला कोठून आलीं दोन बोटें?

तेव्हां पहिली तपासणी गाभ्याच्या टेबलावर करावी. टर्मिनल नांवाची आज्ञा लिहिण्याची खिडकी उघडून ‘सुडो लिबइनपुट लिस्ट-डिव्हायसेस’ ही आज्ञा द्यावी. ही व पुढील सर्व नांवें प्रत्यक्षांत रोमन लिपींत, बहुधा लहान अक्षरांत, लिहावयाचीं हें सांगावयास नकोच. उबंटू, मिंट किंवा डेबियनवर ‘लिबइनपुट-टूल्स’ हें जोडसामान आधीं बसवून घ्यावें लागतें. आज्ञेच्या उत्तरांत यंत्राला जोडलेल्या सर्व उपकरणांची यादी येते. तींत ‘टचपॅड’ हा शब्द असलेलें नांव दिसलें तर पहिला अधिकारी आपलें काम बजावीत आहे असें समजावें. त्याऐवजीं ‘पीएस-टू जेनेरिक माऊस’ असें कांहीं दिसलें, तर टचपॅडनें सोंग घेतलें आहे आणि तें खपलेंहि आहे. अशा वेळीं सेटिंग्जच्या खिडकींत तासन् तास शोध घेणें व्यर्थ होय.

या सोंगावर उपाय तीन. पहिला आणि सर्वांत सोपा म्हणजे गाभ्याची नवी आवृत्ति घेणें. नव्या टचपॅडांची ओळख तींत वेळोवेळीं भरली जात असते. दुसरा, यंत्र सुरू होतांना उघडणाऱ्या बायॉसच्या पानांवर पाहणें. कांहीं लॅपटॉपांत तेथें टचपॅडसाठीं ‘बेसिक’ आणि ‘ॲडव्हान्स्ड’ अशी निवड असते, आणि ‘बेसिक’ म्हणजे हेंच माऊसचें सोंग. तिसरा उपाय गाभ्याला सुरुवातीसच सूचना देण्याचा. सिनॅप्टिक्सच्या कांहीं टचपॅडांना माऊसच्या जुन्या वाटेशिवाय दुसरी, अधिक वेगवान वाटहि असते. ‘पीएसमाऊस’ या भागाला ‘सिनॅप्टिक्स_इंटरटच’ ची किंमत १ अशी सूचना दिली कीं गाभा ती वाट धरतो. मात्र ही सूचना एकदम कायमची लिहून ठेवूं नये. यंत्र सुरू होतांना ग्रब नांवाची जी यादी दिसते, तिच्यावर ‘ई’ ही कळ दाबून ओळीच्या शेवटीं सूचना जोडली तर ती तेवढ्या एका वेळेपुरतीच लागू होते. गुण आला तर कायम करावी. बिघाड झाला तर यंत्र पुन्हा सुरू करतांच सारें पूर्ववत् होतें. औषधाची पहिली मात्रा थोडी द्यावी, त्यांतलाच हा प्रकार.

आतां दुसरें टेबल, ड्रायव्हरचें. आणि खरी गुंतागुंत येथेंच आहे. लिनक्सवर टचपॅडचे दोन सारथी प्रसिद्ध आहेत. जुन्याचें नांव कंपनीवरूनच सिनॅप्टिक्स असें पडलें, जरी तो इतर कंपन्यांचीं टचपॅडहि हांकीत असे. त्यांत कमीजास्त करतां येण्याजोग्या गोष्टी डझनांनीं होत्या. बोट वर्तुळाकार फिरवून पान सरकविण्याची सोयसुद्धां होती. नव्याचें नांव लिबइनपुट. रेड हॅट कंपनींतील पीटर हटरर यांनीं तो मुख्यतः सांभाळला. आणि हेच गृहस्थ पूर्वीं सिनॅप्टिक्स ड्रायव्हराचीहि देखभाल करीत असत. मे २०१५ मध्यें निघालेल्या फेडोरा २२ पासून लिबइनपुटचा अंमल सुरू झाला, आणि पुढें इतरांनींहि तोच मार्ग धरला. नव्या सारथ्याचें धोरण उलट: बटणें थोडीं ठेवावीं आणि चांगला निर्णय स्वतःच घ्यावा. जुन्या जाणत्यांनीं याबद्दल बरीच कुरकुर केली. तथापि ज्या घरांत यंत्र चालवावयाचें आहे, दुरुस्त करीत बसावयाचें नाहीं, तेथें नवें धोरणच हितावह ठरतें.

अडचण केव्हां येते? एकाच यंत्रांत दोन्ही सारथी बसविलेले असले म्हणजे. एक्सऑर्ग या जुन्या पडदा-व्यवस्थेंत कोणतें उपकरण कोणी चालवावें हें ठरविणाऱ्या लहान लहान फायली एका कप्प्यांत असतात, आणि त्यांच्या नांवांच्या आरंभीं अंक असतो. अंकांच्या क्रमानें त्या वाचल्या जातात, आणि मागाहून वाचलेली फाईल आधींच्या फाईलवर मात करिते. डेबियन आणि उबंटूच्या कुळांत लिबइनपुटच्या फाईलचा अंक ४० आणि सिनॅप्टिक्सच्या फाईलचा ७०. म्हणजे कोणी कधीं काळीं हौसेनें किंवा एखाद्या जुन्या सल्ल्यावरून सिनॅप्टिक्सचें जोडसामान बसविलें असेल, तर टचपॅड मुकाट्यानें त्याच्या ताब्यांत जातें. इकडे डेस्कटॉपची खिडकी लिबइनपुटला उद्देशून हुकूम सोडीत राहते. खिडकींतील बटण चालू दिसतें, बोटाला मात्र कांहीं फरक जाणवत नाहीं. ग्नोम या डेस्कटॉपनें तर २०१६ मधील ३.२० या आवृत्तीपासून सिनॅप्टिक्सशीं बोलणेंच सोडून दिलें.

ओळखण्याची खूण सोपी आहे. ‘एक्सइनपुट लिस्ट’ या आज्ञेनें उपकरणांचे अनुक्रमांक मिळतात. मग ‘एक्सइनपुट लिस्ट-प्रॉप्स’ असें लिहून पुढें टचपॅडचा अनुक्रमांक दिला कीं त्याचे गुणधर्म ओळीनें येतात. बहुतेक ओळींच्या आरंभीं सारथ्याचें नांव असतें. ‘लिबइनपुट’ दिसलें तर ठीक. ‘सिनॅप्टिक्स’ दिसलें आणि त्याची मुद्दाम गरज नसली, तर तें जोडसामान काढून टाकावें, बाहेर पडून पुन्हा प्रवेश करावा. पुष्कळांचें दुखणें एवढ्यानें बरें होतें.

येथें एक भेद सांगणें भाग आहे. एक्सऑर्गच्या जागीं आतां वेलँड ही नवी पडदा-व्यवस्था येत आहे. ऑक्टोबर २०२५ मध्यें निघालेल्या उबंटूच्या आवृत्तींतून तर ग्नोमची एक्सऑर्ग-बैठक काढूनच टाकली गेली. वेलँडखालीं ‘एक्सइनपुट’ ही आज्ञा खऱ्या टचपॅडपर्यंत पोंचतच नाहीं, आणि वर सांगितलेल्या अंकांच्या फायलीहि वाचल्या जात नाहींत. तेथें लिबइनपुट हा एकच सारथी, आणि त्याला आज्ञा फक्त डेस्कटॉपच्याच मार्फत. जुन्या पुस्तकांतील उपाय नव्या यंत्रावर लागू पडत नाहींत याचें मुख्य कारण हेंच. आपली बैठक कोणती हें सेटिंग्जमधील ‘अबाउट’ या पानावर किंवा डेस्कटॉपच्या माहितीपत्रकांत बहुधा लिहिलेलें असतें.

दोन खालचीं टेबलें निर्दोष ठरलीं म्हणजे तिसऱ्याकडे, डेस्कटॉपच्या सेटिंग्जकडे, निर्धास्तपणें जावें. पहिली गोष्ट टिचकीची. लिबइनपुट स्वतः होऊन, टिचकीवांचून क्लिक करण्याचा दुसरा मार्गच नसेल असें उपकरण सोडल्यास, टिचकी बंद ठेवतो. त्याच्या कर्त्यांचें म्हणणें असें: ज्याला टिचकी ही वस्तु ठाऊकच नाहीं, त्याला ती चालू असल्यास यंत्र आपोआप भलतें कांहीं करितें असें वाटेल, आणि ज्याला ती हवी आहे, त्याला ती कोठें चालू करावी हें सांपडेलच. युक्तिवाद सरळ आहे, पण त्यांतील दुसरा अर्धा भाग घरोघरींच्या अनुभवाशीं जुळत नाहीं. ग्नोमनें मार्च २०२४ च्या ४६ व्या आवृत्तीपासून टिचकी मुळांतच चालू ठेवली, ती याचमुळें योग्य म्हणावी लागते. टिचकीचा कोश लहान आहे: एका बोटाची म्हणजे डावी क्लिक, दोन बोटांची म्हणजे उजवी, तीन बोटांची म्हणजे मधली.

उजव्या क्लिकेचा घोळ निराळा. अलीकडील टचपॅडांना स्वतंत्र बटणें नसतात. संपूर्ण फलकच दाबला जातो. अशा वेळीं उजवी क्लिक कशी ओळखावी याच्या दोन पद्धति आहेत. एकींत खालचा उजवा कोपरा उजवें बटण समजला जातो. दुसरींत कोठेंहि दोन बोटें ठेवून दाबलें कीं उजवी क्लिक होते. लिबइनपुट स्वतः पहिली पद्धति धरतो, ॲपलच्या टचपॅडांपुरती दुसरी. आणि ग्नोमनें २०१८ पासून सर्वांनाच दुसरी लावली. विंडोजवर वर्षानुवर्षें कोपरा दाबण्याची सवय झालेल्या माणसाला त्यामुळें उजवें बटण हरवल्यासारखें वाटतें. तें परत मिळवितां येतें: ग्नोमच्या ४६ व्या आवृत्तीपासून सेटिंग्जमध्येंच ही निवड आहे, जुन्या आवृत्तींत ‘ट्वीक्स’ नांवाचें लहान साधन त्यासाठीं बसवावें लागतें.

लिहितांना उडणाऱ्या बाणावर ‘टंकतांना टचपॅड बंद’ ही सोय आहे आणि लिबइनपुटमध्यें ती आरंभापासून चालू असते. अक्षराची कळ दाबली गेली कीं क्षणभर टचपॅडकडे दुर्लक्ष केलें जातें, जेणेंकरून अंगठ्याच्या मुळाचा ओझरता स्पर्श अनर्थ करणार नाहीं. तरीहि बाण उडत असेल तर बहुधा लॅपटॉपचा कळफलक आंतल्या आंत यूएसबीनें जोडलेला असतो, आणि ड्रायव्हर त्याला बाहेरचा कळफलक समजतो. बाहेरच्या कळफलकावर लिहिणाऱ्याचा तळहात टचपॅडजवळ नसतो, म्हणून तेथें ही सोय लागू होत नाहीं. हा गैरसमज ‘लोकल-ओव्हरराइड्स’ या नांवाच्या फाईलमध्यें तो कळफलक यंत्राचाच आहे असें लिहून दूर करतां येतो. उलट, घरांतील मुलें खेळ खेळतांना एका हातानें कळा दाबून धरतात आणि दुसऱ्यानें बाण फिरवितात. त्यांना ही सोय अडथळा वाटते. त्यांनीं ती तात्पुरती बंद करावी, पण आजोबांचें पत्र सुरू होण्यापूर्वीं पुन्हा चालू करावी.

ज्यांचीं बोटें कांपतात किंवा सांधे दुखतात, त्यांच्यासाठीं ‘ड्रॅग लॉक’ ही एक फारशी ठाऊक नसलेली सोय आहे. एखादी वस्तु ओढून नेतांना मध्येंच बोट उचललें गेलें तरी वस्तु हातची सुटत नाहीं. ही आरंभीं बंद असते. एक्सऑर्गवर ती, टिचकी, आणि बाणाचा वेग, उणे १ पासून अधिक १ पर्यंतच्या मापांत, तीन ओळींत लिहून ठेवतां येतात. त्यासाठीं मूळ ४० अंकाची फाईल बदलूं नये, कारण पुढील अद्ययावतीकरणांत ती पुसली जाईल. ‘ईटीसी’ या दालनांतील ‘एक्स११’ मध्यें ‘एक्सऑर्ग-डॉट-कॉन्फ-डॉट-डी’ हा कप्पा करून तींत तिची प्रत ठेवावी आणि टचपॅडच्या परिच्छेदांत आपल्या ओळी घालाव्या. ‘एक्सइनपुट’नें केलेला बदल बाहेर पडतांच नाहींसा होतो, म्हणून ती आज्ञा प्रयोगापुरती, आणि फाईल कायमची. पान सरकण्याचा वेग मात्र लिबइनपुटच्या अखत्यारांत नाहीं. तें काम त्यानें डेस्कटॉपवर सोंपविलें आहे. केडीईच्या वेलँड-बैठकींत त्यासाठीं सरकती पट्टी आहे.

टचपॅड अजिबात निपचित पडलें असेल, तर सर्वांआधीं वरच्या फंक्शन-कळांकडे लक्ष द्यावें. पुष्कळ लॅपटॉपांवर त्यांतील एका कळेवर टचपॅडचें लहानसें चित्र असतें, आणि धूळ पुसतांना ती दाबली जाऊन टचपॅड बंद होतें. बाहेरचा माऊस लावल्यावर टचपॅड बंद ठेवण्याचीहि एक निवड असते. ती चालू आहे कीं काय तें पाहावें.

आणि जुना लॅपटॉप लिनक्सवर नेण्याचा विचार अद्याप मनांतच असेल, तर ही सर्व परीक्षा आधींच करून घेतां येते. बहुतेक लिनक्स पेनड्राइव्हवरूनच, डिस्कला हात न लावतां, चालवून पाहतां येतें. त्यांतच टिचकी, दोन बोटांनीं पान सरकविणें आणि उजवी क्लिक हीं तीन करून पाहावींत, आणि चार ओळी टंकून बाण जागीं राहतो कीं नाहीं तें पाहावें. प्रणाली बसविल्यानंतर मात्र एका जागीं टिचकी तरीहि दगा देऊं शकते, ती म्हणजे परवलीचा शब्द विचारणाऱ्या प्रवेशपटावर. डेस्कटॉपमधील निवड ही त्या त्या व्यक्तीच्या खात्याची असते, आणि प्रवेशपट येतो तो खातें उघडण्यापूर्वीं. एक्सऑर्गवर चालणाऱ्या प्रवेशपटाला वर सांगितलेली फाईल लागू पडते. ती लिहिली कीं तेथेंहि टिचकी चालूं लागते.